कॅमेरा घेताना : एक्सच्या आकड्याला भुलू नका

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत दहावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. एका मुलीचे वडील दुसऱ्या पाळीला होते, त्यांना सुट्टी मिळाली नाही. आम्ही आठव्या रांगेतून मोबाईलवर बोटांनी झूम करून तिचा फोटो घेतला. घरी पाहतो तर चेहऱ्याच्या जागी कणकेचा गोळा! तो त्यांच्या हाती देताना आम्हाला लाज वाटली. म्हणून यंदा मंडळाच्या वर्गणीतून कॅमेरा घ्यायचे ठरले आणि आम्ही चार दुकाने पालथी घातली.

दुकानदाराचे पहिले वाक्य, 'साहेब, चाळीस एक्स आहे!' वाचकहो, हा एक्स म्हणजे निव्वळ भागाकार. भिंगाच्या सर्वात मोठ्या नाभीय अंतराला सर्वात लहान अंतराने भागायचे. २५ ते १०० मिलिमीटरचे भिंग चार एक्स, ७० ते २१० चे तीनच. तरी एकाच कॅमेऱ्यावर लांबचा माणूस मोठा दिसतो तो दुसऱ्यातच. आमची उमर हिशेबात गेली, पण हा हिशेब आम्हालाही उशिराच उमगला.

टेलिफोटो म्हणजे मोठ्या नाभीय अंतराचे भिंग. ते झूमही असते किंवा एकाच अंतराचे. ऑप्टिकल झूममध्ये काचा सरकतात आणि खरा तपशील मिळतो. मोबाईलवर बोटांनी ताणले की बहुधा चित्राचा तुकडा कापून फुगवला जातो. काही मोबाईलमध्ये निराळे टेलिफोटो भिंग असते, तेवढ्या पल्ल्यापुरते ते चांगले.

२०१५ साली निकॉनचा पी ९०० आला. ८३ एक्स, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मानाने २४ ते २००० मिमी. चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात! पण आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, आणि पूर्ण झूमला भिंगाचे तोंड एफ ६.५ इतके अरुंद. भर उन्हातल्या मैदानात उत्तम, पण ट्यूबलाईटच्या सभागृहात त्याचे काय चालणार?

तिथे एफ १.८ चे ८५ मिमी भिंग कामाला येते. एफ ५.६ च्या झूमपेक्षा ते सुमारे नऊ-दहा पट उजेड आत घेते. साध्या डीएसएलआरवर लावले तर सव्वाशे-एकशे पस्तीस मिमीसारखे वागते. मात्र त्यात झूम नाही, पुढेमागे आपणच व्हायचे. सहलीला ते अपुरे पडेल, ही महिला मंडळाची तक्रार रास्त आहे.

तरी आम्ही ८५ लाच मत दिले आणि छायाचित्रकाराची खुर्ची तिसऱ्या रांगेत ठेवायचे ठरवले. त्या मुलीचा भाऊ यंदा दहावी झाला. वडिलांची पाळी पुन्हा दुसरीच आहे.