बाणाचा टेकू

अमेरिकेत हरणांच्या मोसमात झाडावरच्या मचाणावर, पहाटेच्या थंडीत निश्चल बसलेल्या धनुर्धराचे सारे श्रम पुष्कळदा मुठीच्या वर बसवलेल्या एका बोटभर टेकूवर अवलंबून असतात, ही गोष्ट नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही. 1969 साली हॉलेस विल्बर ॲलन यांना ज्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले, त्यासाठी शिकारी आज मुख्यतः दोन प्रकारचे टेकू पसंत करतात. पहिल्या प्रकारात, ताठ केसांच्या कड्यात बाण चोहोबाजूंनी धरलेला असल्यामुळे धनुष्य तिरपे झाले तरी तो निसटत नाही. मात्र पिसे केसांना घासून वेग किंचित घटतो. याउलट पडता टेकू, बाण सुटताच पिसे पोहोचण्यापूर्वी खाली पडून त्यास निर्वेध वाट देतो. परंतु त्याची बारीक दोरी सैल झाली, वा सांध्यात बर्फ गोठले, की सगळाच कारभार बिघडतो. दाट झाडीतून हिंडून वीस-पंचवीस यार्डांवरून नेम धरणाऱ्याने कडेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जखमी जनावर निसटू देण्यासारखा दुसरा दोष शिकाऱ्याच्या पदरी नाही. पडता टेकूच घेणे झाले, तर त्याच्या धातूवर मऊ फेल्ट चिकटवण्याची तजवीज आधी करावी, कारण बाण ओढतानाची अस्पष्ट करकरही हरणाच्या कानांना तत्काळ कळते.