जोड आणि जोडी : गामा व इमामबक्ष

मराठी आखाड्यात 'जोड' या शब्दास विशेष अर्थ आहे. कोल्हापूरचे विस्तीर्ण खासबाग मैदान असो, की नागपूर-अमरावती मार्गावरील, वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) यासारखे गाव असो, मल्लाची जोड म्हणजे त्याच्यासमोर उभा राहणारा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. पाश्चात्त्य देशांच्या धंदेवाईक कुस्तीत मात्र विसाव्या शतकात एक निराळाच प्रकार रूढ झाला. तेथे दोन मल्ल एका पक्षाचे आणि दोन दुसऱ्या पक्षाचे असतात. रिंगणात एका वेळी एकेकच लढतो. तो थकला, की दोराबाहेर उभ्या असलेल्या सोबत्याच्या हातास हात लावून त्यास आत धाडतो. या प्रकारास 'टॅग टीम' असे नाव आहे. आपल्या लाल मातीस ही रीत ठाऊक नव्हती. तथापि दोघा मल्लांनी मिळून एकच कीर्ती कशी सांभाळावी, याचा धडा पहावयाचा झाल्यास तो गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष यांच्या चरित्रात सापडतो.

गामाचे खरे नाव गुलाम महंमद. त्याचा जन्म १८७८ साली अमृतसरच्या मुलुखात झाला. घराणे पहिलवानांचे, आणि आश्रय दतिया संस्थानाचा. वडील लवकर वारले. आजोबा आणि मामा यांनी मुलाची तालीम पुढे चालविली. १८८८ साली जोधपूर येथे बैठकांची मोठी चढाओढ झाली. तीत नामांकित पहिलवान थकून बाजूस झाले, तरी हा दहा वर्षांचा मुलगा अखेरच्या पंधरा जणांत टिकून राहिला, आणि महाराजांनी त्यासच विजयी ठरविले.

त्या काळी पहिलवानाचा संसार संस्थानिकाच्या आश्रयावर चाले. दूध, तूप, बदाम आणि मांस यांचा रोजचा खुराक सामान्य कुटुंबास परवडणारा नव्हे. आश्रय मिळे तो नावलौकिकावर, आणि हा लौकिक एका पराभवाने उणावे. म्हणून थोर मल्लास दोन संकटे सदैव घेरून असत. आव्हान नाकारावे, तर भ्याडपणाचा बोल येई. प्रत्येक आव्हान स्वीकारावे, तर शरीर झिजे. या पेचातून गामाची सुटका करण्यास इमामबक्ष उपयोगी पडला. तो गामाहून उंच, अंगाने सडपातळ आणि डावपेचांत चपळ. गामाशी झुंजू इच्छिणाऱ्याने आधी धाकट्या भावास चीत करावे, असा रिवाज पडला. वाड्यास देवडी असावी, तसा इमामबक्ष थोरल्या भावाच्या कीर्तीपुढे उभा राहिला.

१९१० साली दोघे भाऊ लंडनला गेले. बंगालमधील शरत्कुमार मित्र यांचे द्रव्यसाहाय्य होते, आणि बेंजामिन नावाचा व्यवस्थापक बरोबर होता. गामाची उंची सुमारे ५ फूट ७ इंच. तेथील आयोजकांस ती तोकडी वाटली. तेव्हा गामाने जाहीर आव्हान दिले, की कोणत्याही वजनाचे तीन मल्ल आपण अर्ध्या तासात पाडू. प्रथम लोकांस ही नुसती बढाई वाटली. पुढे ऑगस्टमध्ये त्याने अमेरिकन मल्ल डॉक्टर रोलर यास एकाच लढतीत दोनदा चीत केले. इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेम यास अवघ्या काही मिनिटांत हरविले. अशा रीतीने एकाच हंगामात दोघा भावांचे नाव झाले.

१० सप्टेंबर १९१० रोजी गामाची गाठ पोलंडच्या झिबिस्को याच्याशी पडली. येथे नियमांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाठ जमिनीस लागल्यावाचून हार होत नसे. म्हणून झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला, आणि सुमारे अडीच तास गामास त्यास उलथविता आले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढत ठरली होती, पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही, आणि 'जॉन बुल' पट्टा गामास मिळाला. या गोष्टीचा निकाल अठरा वर्षांनी लागला. १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे, खुल्या आखाड्याच्या मातीत, गामाने त्याच झिबिस्कोस एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले.

महाराष्ट्राशी या बंधूंचा संबंध जुळतो तो कोल्हापुरात. शाहू छत्रपतींनी १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन रंगण पाहिले, आणि सभोवार बसणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकास कुस्ती नीट दिसावी, असे मैदान आपल्या राजधानीत बांधविले. १९१२ साली खासबागेच्या या मैदानाचा आरंभ झाला. त्या वेळच्या मुख्य कुस्तीत इमामबक्षाने गुलाम मोहिद्दीन यास हरविले. लंडनला गामाचा भाऊ म्हणून गेलेला हा मल्ल त्या दिवशी कोल्हापूरकरांसमोर केवळ आपल्या बळावर उभा होता.

तरीही कीर्तीची वाटणी समान झाली नाही. लंडनहून परतल्यावर गामाने अलाहाबादेस धिप्पाड रहीमबक्ष सुलतानीवाला यास हरविले आणि 'रुस्तुमे हिंद' हा किताब मिळविला. त्याचे नाव घरोघरी पोहोचले. बलवान मुलास 'गामा' म्हणण्याची चाल मराठीतही पडली. इमामबक्षाचे नाव त्या मानाने मागे राहिले. पहारेकऱ्याच्या वाट्यास कुस्त्या अधिक आल्या, आणि म्हणून हारही आली. गुंगा पहिलवानाशी झालेल्या त्याच्या अनेक लढतींत जय आणि पराजय दोन्ही आहेत. थोरल्याच्या अजिंक्यपणाचे मोल धाकट्याने असे फेडले.

१९४७ च्या फाळणीने आश्रयाचा पाया ढासळला. दंग्यांच्या दिवसांत लाहोरच्या आपल्या वस्तीतील हिंदू कुटुंबांच्या रक्षणार्थ गामा उभा राहिला. अखेरची वर्षे मात्र आजारपणात व तंगीत गेली. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्यास मदत पाठविली. १९६० साली लाहोर येथे त्याचा अंत झाला. इमामबक्ष १९७७ पर्यंत जगला.

इमामबक्षाचे पुत्र भोलू, आझम, अस्लम, अक्रम व गोगा हे 'भोलू बंधू' या नावाने धंदेवाईक रिंगणात उतरले. मातीऐवजी गादी, संस्थानिकाऐवजी तिकीट घेणारा प्रेक्षक, असा हा पालट होता. १९७६ साली कराचीत जपानच्या इनोकीने अक्रमचा हात निकामी करून त्यास हरविले. १९७९ साली अस्लमचा पुत्र झारा याने लाहोरला त्याच इनोकीशी बरोबरी साधली. चुलत्याचा पराभव पुतण्याने अंगावर घेतला.

टॅग टीममध्ये सोबत्याच्या हातास हात लागला, की भार दुसऱ्यावर जातो, आणि प्रेक्षकांस ती खूण दिसते. या घराण्यात तो भार तीन पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. खूण मात्र कोणास दिसली नाही. गामाच्या विजयांची मोजदाद करताना त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या मल्लांचाही हिशेब धरला, तर त्यातील मोठा वाटा इमामबक्षाच्या खात्यावर मांडावा लागेल.