भाषेची भीती आणि शिक्षकाचा धीर

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी फ्रेंच शिकून काय साधणार, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु परकी भाषा म्हणजे महानगरांची हौस, या समजुतीच्या मुळाशी उपयोगाच्या हिशेबापेक्षा भीतीच अधिक असते. ज्या मुलाच्या वऱ्हाडी बोलीला वर्गात हसण्यात आले, तो इंग्रजीच्या तासालाही तोंड मिटूनच बसतो.

वास्तविक फ्रेंच संभाषणाचे पहिले धडे त्याला सर्वस्वी अनोळखी वाटू नयेत. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद त्या भाषेतही आहे. ऐंशी या संख्येला फ्रेंच माणूस ‘चार विसा’ म्हणतो; आपल्या खेड्यांतील जुनी माणसेही विसांनीच मोजत. अडचण आहे ती लिहिले जाणारे पण न उच्चारले जाणारे शब्दान्तीचे व्यंजन, आणि ओठांचा चंबू करून काढावयाचा ‘ई’सारखा स्वर यांची. हे केवळ पुस्तकाने येत नाही. ऐकून, चुकून आणि पुन्हा म्हणून येते.

म्हणूनच येथे व्याकरणपंडितापेक्षा धीर देणारा शिक्षक मोलाचा. विद्यार्थी अडखळला तरी वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे, आणि मग तेच वाक्य शुद्ध रूपात सहज म्हणून दाखवावे. बडोद्याच्या शाळेत फ्रेंच शिकलेले विनोबा पुढे आयुष्यभर नव्या भाषा शिकत राहिले, ते चुकण्याची लाज न बाळगता शिकणारालाच साधते.

जो धीर फ्रेंचच्या नवशिक्याला हवा, तो आपल्या इंग्रजीच्या, किंबहुना मराठीच्याही वर्गात का मिळू नये?