कारखान्यांचा शेजारधर्म

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या बंदराच्या गावी कारखान्यांनी शेजारधर्माचा निराळाच धडा घालून दिला आहे. १९७२ पासून तेलशुद्धीकरण कारखान्यातील जळून वाया जाणारा वायू जिप्समचे तक्ते बनविणाऱ्या शेजारच्या कारखान्यास इंधन म्हणून मिळू लागला. १९८२ पासून वीजकेंद्राची वाफ इन्शुलिनच्या कारखान्यात खेळू लागली. १९९३ मध्ये त्याच केंद्राच्या धुरातील गंधक चुन्याने शोषून जिप्सम निघू लागले; तेही तक्त्यांच्या कामी आले. हे दान नव्हे. करार करून, मोल देऊन चालणारा व्यवहार होय. त्यात जोखीमही असते. २०२० च्या सुमारास वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकूड पत्करले. हवा निवळली, पण जिप्समचा तो झरा आटला. शेजाऱ्याचे टाकाऊ अवश्य घ्यावे. मात्र आपली चूल सर्वस्वी त्यावर विसंबून ठेवू नये.