बोटं पोचत नाहीत तिथे

यकृत बरंचसं बरगड्यांआड दडलेलं असतं. खोल श्वास घ्यायला लावून डॉक्टरांनी बोटं रुतवली, तरी हाताला लागते ती फार तर त्याची खालची कडा. सिरॉसिसच्या वाटेवरचं यकृत आतून घट्ट होत जातं, पण बरेचदा रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. खात्री करायची तर बायोप्सी. सुईने निघणारा तुकडा म्हणजे सबंध यकृताचा जेमतेम ५०,००० वा भाग. एवढ्याशा नमुन्यावर निदान ठरावं, हे मला नेहमी अस्वस्थ करतं.

अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड एमन, राजा मुथुपिल्लई आणि सहकाऱ्यांनी सुईविना कडकपणा मोजण्याची वाट शोधली. त्यांचा शोधनिबंध १९९५मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. हीच एमआर इलॅस्टोग्राफी.

एमआरआयच्या खोलीत लोखंड नेता येत नाही, म्हणून कंप निर्माण करणारं यंत्र बाहेरच ठेवतात. प्लॅस्टिकच्या नळीतून हवेचे हेलकावे आत येतात आणि उजव्या बरगड्यांवर पट्ट्याने बांधलेली चपटी चकती सेकंदाला ६० वेळा थरथरते. यकृतात लाटा पसरतात. ऊती हलतात त्या मायक्रॉनच्या मापात. पण चुंबकीय ग्रेडियंट त्याच तालावर आलटून पालटून दिले, की ती हालचाल संकेताच्या फेजमध्ये नोंदली जाते. रुग्ण हलला की चित्र बिघडतं, ही एमआरआयची जुनी अडचण. या मंडळींनी हालचालीचंच चित्र काढलं, आणि या कल्पनेचं मला सर्वाधिक अप्रूप वाटतं.

कडक ऊतीत लाट वेगाने धावते, म्हणून तिची लांबी वाढते. सेकंदाला दीड मीटर वेग असेल, तर तरंगलांबी अडीच सेंटिमीटर आणि कडकपणा सुमारे सव्वादोन किलोपास्कल भरतो. निरोगी यकृत साधारण एवढंच असतं. ५ किलोपास्कलच्या पुढे सिरॉसिसची दाट शंका येते.

तपासणीला उपाशीपोटी जायचं, कारण जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढून आकडा फुगू शकतो. श्वास सोडून काही सेकंद रोखायचा, बस्स. यकृतात लोह फार साठलं असेल, तर मात्र संकेतच क्षीण होतो आणि नेहमीच्या पद्धतीने मोजमाप फसतं.

डोक्याखाली थरथरणारी उशी ठेवून मेंदूचंही असं मोजमाप करतात. मेनिन्जिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणातली, गाठ मऊ असेल तर शोषून काढता येते, घट्ट असेल तर तुकड्यातुकड्याने सोडवावी लागते. कवटी उघडण्याआधीच याचा अंदाज आला, तर सर्जन तशी तयारी करू शकतो.