गस्तीच्या गाडीची राखीव वीज

मध्यरात्री एखाद्या वस्तीवरून ११२ या क्रमांकावर फोन जातो. फोन करणारी एखादी स्त्री असते, अपघात पाहणारा वाटसरू असतो किंवा गावातील भांडणाने भेदरलेले एखादे कुटुंब असते. महाराष्ट्रात २०२१ पासून ही एकत्रित सेवा सुरू झाली. नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत असे फोन घेतले जातात आणि मदत मागणाऱ्याचे ठिकाण जवळच्या पोलीस गाडीतील पडद्यावर पाठविले जाते. निरोप पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. मात्र त्या क्षणी गाडीचे इंजिन सुरू झाले नाही, तर नागपूरपर्यंत गेलेला आवाज रस्त्याच्या कडेलाच थांबतो.

इंजिन सुरू होणे न होणे हे पुष्कळदा बॅटरीवर अवलंबून असते, आणि बॅटरी शाबूत राहणे हे ज्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही अशा काही छोट्या साधनांवर. अल्लीपूर येथे पोलीस ठाणे आहे. त्याची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. पण तिच्या बॉनेटखाली व डॅशबोर्डमागे काय चालते याची माहिती क्वचितच कोणी देतो. आपल्या निवासी शाळेतील मुलामुलींपैकी काही उद्या पोलीस दलात जातील, काही तंत्रज्ञ होतील आणि उरलेले सर्वजण केव्हा ना केव्हा या गाडीची वाट पाहणारे नागरिक असतील. म्हणून हा विषय या स्मरणिकेसाठी निवडला आहे.

साधी गाडी आणि पोलिसांची गाडी

कुटुंबाची मोटार उभी केली की तिची किल्ली काढली जाते व विजेचा वापर जवळजवळ थांबतो. पोलिसांची गाडी उभी असतानाही काम करीत असते. नाकाबंदीच्या ठिकाणी किंवा यात्रेच्या बंदोबस्तात ती तासन्‌तास एका जागी असते. इंजिन बंद, पण बिनतारी संच सुरू, छतावरील लाल, निळे व पांढरे दिवे सुरू, ११२ चा पडदा सुरू, जीपीएस सुरू.

या प्रत्येकाचा वाटा लहान आहे. बिनतारी संच केवळ ऐकत असतो तेव्हा सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह घेतो, बोलताना मात्र पाच ते सहा अँपिअर. पडदा व त्याची जोडयंत्रे दोन अँपिअर, छतावरील एलईडी दिवे पाच, आतील दिवा, छोटा पंखा आणि मोबाईलचा चार्जर मिळून दीड असे धरले, तर एकूण बेरीज नऊ अँपिअर होते. हे आकडे गाडीगाडीनुसार कमीअधिक होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

समजा बॅटरीवर ६० अँपिअर-तास असे लिहिलेले आहे. ६० ला ९ ने भागले तर साडेसहा तासांहून थोडे अधिक येतात. पण हा हिशेब फसवा आहे. ६० हा आकडा २० तासांत सावकाश, म्हणजे ३ अँपिअरने, वीज घेतली तरच खरा ठरतो. वेगाने घेतली तर बॅटरी त्याहून कमी देते. शिवाय तिच्यातील सर्व वीज संपवून चालत नाही. निम्मी राखून ठेवायची म्हटले तर हाती जेमतेम तीन तास उरतात. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता ६० टक्क्यांवर आली असेल, तर दोनच तास. बंदोबस्त मात्र रात्रभराचा असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डिझेल इंजिन फिरविण्यासाठी स्टार्टरला दोन-अडीचशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो, पण केवळ दोन-तीन सेकंद. अडीचशे अँपिअर तीन सेकंद घेतले तरी खर्च होते ती वीज ०.२ अँपिअर-तासाच्या आसपास. छतावरील दिवे अडीच मिनिटांत तितकीच वीज घेतात. मग दिवे लागत असताना गाडी का सुरू होत नाही? कारण स्टार्टरला विजेचा एकूण साठा थोडा लागतो, पण जोर फार लागतो. अर्धवट रिकामी बॅटरी थोडा प्रवाह तासभर देऊ शकते. एकदम मोठा प्रवाह मागितला की तिचा दाब कोसळतो. बिनतारी संच बोलत असतो, दिवे फिरत असतात आणि किल्ली फिरविल्यावर नुसते टक-टक ऐकू येते. चालकाला धोका कळतो तो त्या क्षणी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

न्याय्य भारनियमन

या धोक्यावरील मुख्य साधन म्हणजे ‘लो व्होल्टेज कट-ऑफ’. घरातील इन्व्हर्टर बॅटरी उतरल्यावर आवाज देतो व बंद होतो, तेच तत्त्व येथे आहे. पूर्ण भरलेल्या व विश्रांत स्थितीतील १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. तो १२ च्या जवळ आला की साठा निम्म्याहून बराच खाली गेला असे समजावे. हे उपकरण दाबावर सतत लक्ष ठेवते आणि ठरविलेल्या मर्यादेखाली तो गेला की जोडलेली यंत्रे तोडते. मात्र क्षणिक उतारावर ते कृती करीत नाही. बिनतारी संचावर बोलताना किंवा इंजिन सुरू करताना दाब काही सेकंद खाली जातोच. म्हणून दाब काही काळ सलग कमी राहिला तरच ते निर्णय घेते. इंजिन सुरू होऊन दाब १३ व्होल्टच्या वर गेला की तोडलेली यंत्रे पुन्हा जोडली जातात.

आपल्या भागातील शेतकऱ्याला भारनियमन हा शब्द चांगला ठाऊक आहे. ओलिताच्या वेळी वीज जाणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. पोलीस गाडीतही भारनियमन आहे, पण कोणाचे काम आधी थांबवायचे हे तेथे विचारपूर्वक ठरवावे लागते. पंखा व चार्जर सर्वप्रथम जातात. मग छतावरील दिवे कमी होतात. त्यानंतर पडदा. बिनतारी संच शेवटपर्यंत ठेवायचा, आणि त्याच्याही आधी ज्याला कोणीही हात लावायचा नाही तो वाटा स्टार्टरचा. प्रत्येक टप्प्यापूर्वी इशाऱ्याचा आवाज व्हावा, म्हणजे चालक इंजिन सुरू करून बॅटरी भरू शकतो. इशारा न देता बिनतारी संच बंद करणारे उपकरण बॅटरी वाचवील, पण माणसाला एकटे पाडील.

दुसरा उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या. एक केवळ इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी उपकरणांसाठी. दोहोंच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू होऊन दाब वाढला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो व दोन्ही भरतात. इंजिन बंद होऊन दाब उतरला की त्या वेगळ्या करतो. दुसरी बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी पहिलीला धक्का लागत नाही.

फ्यूज कशाचे रक्षण करतो?

फ्यूज यंत्राचे रक्षण करतो असा सर्वसाधारण समज आहे. खरे पाहता तो प्रथम तारेचे रक्षण करतो. उंदराने कुरतडलेली किंवा पत्र्याच्या कडेवर घासलेली तार गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात. बारीक तार क्षणात तापते, तिचे आवरण पेट घेते आणि आग डॅशबोर्डमागे लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ असावा. तो दूर यंत्रापाशी बसविला, तर मधली सगळी तार उघड्यावर पडल्यासारखी असते.

मोटारीतील चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. वारंवार जाणाऱ्या १० च्या जागी ३० चा बसविणे, किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागविणे, ही आपल्याकडील जुनी सवय आहे. फ्यूज वारंवार जातो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचे तोंड बंद केल्याने दोष नाहीसा होत नाही.

दाबाचा उसळता लोंढा

अपुऱ्या दाबाइतकाच अतिरिक्त दाबही घातक असतो. सोण नावाच्या भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला, तो आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तार फार सैल असली तर सूर निघत नाही, फार ताणली तरीही निघत नाही. बॅटरीच्या भरणीलाही हेच लागू पडते. इंजिन चालू असताना दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. त्याहून कमी असेल तर बॅटरी पुरती भरत नाही व तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर चढतो; अधिक असेल तर आतील पाणी उडून जाते.

बॅटरीचे टोक सैल असून ते इंजिन चालू असताना निसटले, तर आणखी मोठे संकट येते. अल्टरनेटर तयार करीत असलेल्या विजेला जाण्यास जागा उरत नाही आणि सेकंदाच्या अंशभर दाब ८० ते १०० व्होल्टपर्यंत उसळू शकतो. दिव्याचे बल्ब जातील, पण त्याहून महाग असे पडदा व बिनतारी संच क्षणात निकामी होऊ शकतात. यासाठी यंत्रांच्या आधी दाबशोषक डायोड बसवितात. सामान्य दाबाला तो स्तब्ध असतो. मर्यादेपलीकडचा लोंढा आला की तो स्वतःकडे ओढून घेतो. बॅटरीची टोके चुकून उलटी जोडली गेल्यास प्रवाह अडविणारी व्यवस्थाही याच जोडणीत असते. खेड्यात गाडी बंद पडली की येणाऱ्या ट्रकच्या बॅटरीवरून ती सुरू करण्याचा मोह होतो. पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, हे आधी विचारून घ्यावे.

वैदर्भीय उन्हाळा

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उष्णता त्याहूनही अधिक असते. तापमानात दर १० अंशांची वाढ बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे करते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. त्यामुळे थंड प्रदेशासाठी लिहिलेले वेळापत्रक येथे उपयोगाचे नाही. उन्हाळ्यात आम्लपाण्याची पातळी अधिक वेळा पाहावी व उणीव केवळ डिस्टिल्ड पाण्याने भरावी. टोकांवर जमणारी पांढरट-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, टोके घट्ट करावीत आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, बॅटरीवर भार देऊन तिची चाचणी घ्यावी. नुसता दाब मोजल्याने म्हातारी बॅटरी ओळखू येत नाही. ही नोंद गाडीच्या वहीत तारखेसह असावी.

हे सर्व कशासाठी?

उपेक्षितांच्या रक्षणासाठी कायदे झाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हा त्यांपैकी एक. पण कायद्याचे पुस्तक स्वतः चालत वस्तीवर येत नाही. ते कोणीतरी गाडीतून आणावे लागते आणि वेळेत आणावे लागते. ज्याच्यामागे पैसा नाही, ओळख नाही, त्याला पोलिसांच्या येण्याखेरीज दुसरा आधार नसतो. त्याच्या दृष्टीने शंभरेक रुपयांचा रिले किंवा घट्ट केलेला एक नट ही किरकोळ बाब राहत नाही.

बाबासाहेबांनी हा संबंध पुरता ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना वीजही त्यांच्या अखत्यारीत होती आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्याच काळात. वीज हा त्यांच्या लेखी अभियंत्यांपुरता विषय नव्हता. दारिद्र्यातून बाहेर पडण्याचे ते साधन होते.

विद्यार्थ्यांनी या वारशाकडे व्यवसायाच्या दृष्टीनेही पाहावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील इलेक्ट्रिशियन व मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम, पोलीस दलाचा मोटार परिवहन विभाग, पुण्यात मुख्यालय असलेला बिनतारी संदेश विभाग, अशा अनेक वाटा यातून निघतात. त्यासाठी ओहमचा नियम पाठ असणे पुरेसे नाही. मल्टिमीटर हातात घेऊन शाळेतील इन्व्हर्टरची बॅटरी आज किती व्होल्ट दाखविते, हे पाहून लिहिण्याची सवय हवी.

धम्मात अप्रमादाला, म्हणजे अखंड जागरूकतेला, फार मोठे स्थान आहे. सर्वजण झोपलेले असताना बॅटरीवर नजर ठेवणारे ते छोटे उपकरण एवढेच काम करते. पण त्याचीही टोके कोणीतरी वेळेवर तपासावी लागतात. ते करणारे हात आपल्या शाळेतून तयार व्हावेत, ही मंगल कामना.