सहाव्या वर्षीची दाढ

स्मरणिकेसाठी लेख मागायला आलेल्या संपादकांनी विचारले, "यंदा काय देताय? गोवर की कांजिण्या?" मी म्हटले, "दात." ते हसले. बालरोगतज्ज्ञ दातांवर लिहिणार म्हणजे दुधाच्या दातांवरच, अशी त्यांची समजूत झाली असावी. मला मात्र लिहायचे आहे ते छप्पन्न वर्षांच्या एका गृहस्थाच्या तोंडाविषयी. हे गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर आहेत, एम.डी. आहेत, आणि दुर्दैवाने ते म्हणजे मीच आहे.

संस्कृतात दाताला 'द्विज' असे एक नाव आहे. द्विज म्हणजे दोनदा जन्मणारा. एकदा दुधाचा आणि मग कायमचा. परंतु सगळेच दात द्विज नसतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या रांगेमागे, कोणताही दात न पडता, गुपचूप एक दाढ वर येते. वर दोन आणि खाली दोन अशा या चार दाढा. त्यांच्या आधी त्या जागी काहीच नसते, म्हणून त्यांच्या येण्याचा गाजावाजा होत नाही. घरातील मंडळींना ती दुधाचीच दाढ वाटते. "पडायचीच आहे ना, डॉक्टर?" असे म्हणून माता तिच्यातील काळ्या ठिपक्याकडे दुर्लक्ष करतात. ती पडायची नसते. एकदाच जन्मलेली ती दाढ माणसाला जन्मभर पुरवायची असते.

हे मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे आयांना सांगत आलो आहे. अक्षरशः दातांच्या कण्या केल्या आहेत. आणि अशा मी माझी स्वतःची, उजव्या बाजूची खालची, सहाव्या वर्षीची दाढ घालवली.

तिचे चरित्र थोडक्यात सांगतो. ती आली १९७४ साली. शाळेत असतानाच तिला कीड लागली आणि चांदी भरली गेली. ती चांदी पंचवीस वर्षे टिकली. २००९ साली एका रात्री असा ठणका लागला की, दुसऱ्या दिवशी ओ.पी.डी. बंद ठेवून रूट कॅनल करून घ्यावे लागले. दंतवैद्यांनी बजावले होते, "आता हिच्यावर कॅप बसवायला पंधरा दिवसांत या." दुखणे थांबले होते, दवाखान्यात तापाची साथ होती, पंधरा दिवसांचे तेरा वर्षे कधी झाले ते कळले नाही.

रूट कॅनल केलेली दाढ आतून पोकळ झालेली असते. किडीने आणि उपचारानेही तिचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाखाली कधी ना कधी दुभंगतात. कॅप ही शोभेची वस्तू नसून त्या भिंतींना बाहेरून आवळून धरणारे कडे आहे. २०२२ च्या डिसेंबरात सराफ्यात पाहुण्यांबरोबर गराडू खात उभा होतो. जिरावन भुरभुरलेला, बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा मऊ असा तो पदार्थ. त्याचा घास घेताना तोंडात 'कट्' असा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी ज्या दंतवैद्य मुलीसमोर मी आ वासून बसलो, तिला पहिली ट्रिपल लस मीच टोचली होती. हिशेब चुकता व्हायची वेळ आली होती म्हणायची! तिने एक्स-रे पाहिला आणि म्हणाली, "काका, चीर हाडाच्या खालपर्यंत गेलीय. ही नाही वाचणार."

"गराडू फार कडक तळला होता," मी म्हटले.

"गराडूचा काही दोष नाही, काका. तेरा वर्षांत कधी तरी भातानेही मोडली असती."

मी दाढेपुरता गेलो होतो. ती मात्र तेवढ्यावर थांबायला तयार नव्हती. बारीक खुणा असलेली एक सळई घेऊन ती एकेका दाताभोवती हिरडीची खोली मोजू लागली आणि साहाय्यिकेला आकडे सांगू लागली. "तीन, तीन, पाच, सहा, रक्त. पाच, सहा, रक्त." निरोगी हिरडीत ही फट साधारण तीन मिलिमीटरपर्यंत असते. माझे आकडे ऐकताना मला परीक्षेतील गुण ऐकल्यासारखे वाटत होते, फरक एवढाच की येथे जास्त गुण म्हणजे नापास. शेवटी तिने विचारले, "काका, शुगर कधी तपासली होती?"

रुग्णाला विचारायचा प्रश्न मला विचारला गेला होता आणि मला उत्तर देता आले नाही. तपासले तेव्हा ग्लायकेटेड हिमोग्लोबिन निघाले ७.६. माझा मधुमेह मला एका दंतवैद्याने दाखवला.

या घटनेचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. गळा तपासताना आपण चपट्या पट्टीने जीभ दाबतो, बॅटरीचा झोत सोडतो आणि थेट टॉन्सिलकडे पाहतो. वाटेतील दातांवरून आपली नजर नुसती घसरत जाते. अभ्यासक्रमातही दात हे वेगळ्या महाविद्यालयाचे खाते! मधुमेहाच्या रुग्णाचे पाय आपण पाहतो, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेतो, परंतु "दात घासताना रक्त येते का? एखादा दात हलतो का?" हे दोन प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतो? मधुमेहाने हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांमधील सततच्या दाहाने साखर आवरेनाशी होते, अशी ही दुहेरी वाट आहे. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत ग्लायकेटेड हिमोग्लोबिन सरासरी सुमारे ०.४ ने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. एखाद्या जादा गोळीच्या जवळ जाणारा हा लाभ आहे.

दाढ काढल्यावर प्रश्न उभा राहिला तो रिकाम्या जागेचा. तशीच सोडली तर शेजारचे दात त्या बाजूला कलंडतात आणि समोरची दाढ खाली उतरू लागते. काढता-घालता येणारा दात स्वस्त खरा, पण तो सांभाळणे कटकटीचे. ब्रिज बसवायचा तर दोन्ही बाजूंचे दात तासावे लागतात. माझे ते दोन दात अद्याप धडधाकट होते. उरला इम्प्लांट.

इम्प्लांटची कथा मोठी मनोरंजक आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकाच्या आरंभी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढू गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट बिलगले होते. दुसरा कोणी असता तर महागडी नळी वाया गेली म्हणून हळहळला असता. त्यांनी त्यातून नवी विद्या घडवली. १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट काम देत होते.

हे ऐकून मी उत्साहाने म्हटले, "मग बसवून टाक!" ती म्हणाली, "आत्ता नाही. सुजलेल्या हिरड्या आणि ही शुगर असताना मी हाडात काही बसवणार नाही. ज्यामुळे दात जातात, त्यामुळेच इम्प्लांटही जातो." आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक बारीक गादी असते. भातातील खडा क्षणार्धात कळतो तो तिच्यामुळे. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेला असल्याने त्याला ती गादी नाही. तो चावतो, पण त्याला खऱ्या दातासारखे कळत नाही.

चार महिने हिरड्यांची खोलवर सफाई, दोन दातांमध्ये फिरवायचा छोटा ब्रश, औषध आणि पिपल्यापाल्याच्या बागेत रोज पहाटे फेरी असा क्रम चालला. आकडा ६.७ वर आला. त्याचे सारे श्रेय मी हिरड्यांना देत नाही. पण रक्त यायचे थांबले हे खरे. मग इम्प्लांट बसला, हाड जुळायला आणखी काही महिने गेले आणि २०२३ च्या दिवाळीत त्याच्यावर दाढ चढली.

लेख येथे संपवता आला असता. परंतु खरे सांगायचे ते पुढेच आहे.

नवी दाढ बसवून घरी आलो तेव्हा आई दूधभात कालवत होती. तिने चौकशी केली, दाढ पाहिली आणि सहज विचारले, "माझ्या वेळी हे नव्हतं का रे?"

१९९८ साली आई छप्पन्न वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे तेवढीच. तिच्या काही दाढा ठणकत होत्या, काही हलत होत्या. खालचे पुढचे सहा दात, सुळ्यांसकट, पक्के होते. "एकेक काढत बसण्यापेक्षा सगळेच काढून कवळी करू, कटकट जाईल," असा सल्ला मिळाला. आईने माझ्याकडे पाहिले. मी नुकताच एम.डी. होऊन दवाखाना थाटला होता. "काढून टाक, आई," मी म्हटले. ती म्हणाली, "तू म्हणतोस तर ठीक आहे."

त्या काळी इम्प्लांट सहजी मिळत नव्हते, हे खरे. परंतु आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर ते नव्हे. ते सहा दात राखायला इम्प्लांटची गरजच नव्हती. निदान खालचे दोन सुळे ठेवले असते, तर त्यांच्या आधाराने खालची कवळी पुष्कळ स्थिर राहिली असती. ती विद्या तेव्हाही होती. मी विचारलेच नाही. दात गेले की जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते आणि खालची कवळी तोंडात होडीसारखी डुलू लागते. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच उरतो. प्रथम पेरू गेला, मग शेंगदाणे, मग ज्वारीची भाकरी, मग कोशिंबीर. शेवटी उरला दूधभात. तिचे वजन उतरले, तेव्हा मी तिचे थायरॉइड तपासले, सोनोग्राफी केली. ताटात काय उरते आहे ते पाहिले नाही. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण दैवावर ढकलतो. आमच्या घरी दात मुलाच्या होकारामुळे गेले होते.

मी तिला हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुला तरी कुठं ठाऊक होतं तेव्हा." ठाऊक करून घेणे हेच माझे काम होते, हे मी बोललो नाही.

सहव्यावसायिक मित्रांना म्हणूनच थोडे विनवावेसे वाटते. आपल्या रुग्णांचे दात वाचवणे काही अंशी आपल्याही हाती आहे. ॲम्लोडिपिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्याची हिरडी फुगली तर ती औषधाची खूण असू शकते. हाडांसाठी झोलेड्रोनेट देण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत, म्हणजे नंतर दात काढताना जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका टळतो. गरोदरपणात दातांचे उपचार पुढे ढकलू नयेत. किडीचे जंतू बाळाच्या तोंडात बहुधा आईच्याच लाळेतून जातात. आणि "सगळेच काढून टाका" हा सल्ला ऐकू आला, तर "कोणते राखता येतील?" एवढे एकदा तरी विचारावे. जपानने १९८९ साली 'ऐंशी-वीस' ही मोहीम सुरू केली, म्हणजे ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात. त्या वेळी हे साधलेले वृद्ध दहांत एकही नव्हते. २०१६ च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक निघाले. दात वयाने जातात ही समजूत तेथे एका पिढीत मोडीत निघाली.

मीही एक सवय लावून घेतली आहे. सहा वर्षांचे मूल समोर आले की टॉन्सिलकडे जाण्याआधी बॅटरी त्या चार दाढांवर थांबते. खाचा खोल असतील तर सीलंटसाठी चिठ्ठी लिहून देतो. मग मुलाला घेऊन आलेल्या आईला किंवा आजीला विचारतो, "आणि तुमचे दात?" त्या लाजतात, पदराने तोंड झाकतात आणि मग बोलू लागतात.

आईच्या हाडांची आणि वयाची तपासणी झाली. खाली दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर अडकवता येईल, असे मत पडले. आईने हात जोडून नकार दिला. तिच्यासाठी नवी कवळी मात्र मापाने करून घेतली. गेल्या श्रावणात तिने स्वतः भुट्टे किसले, कीस केला आणि माझ्याबरोबर बसून खाल्ला. पेरू अजून ती खात नाही. फोडी करून ठेवते आणि मला म्हणते, "तू खा, तुझे आहेत ना अजून."